एका रस्त्यावर दोन गाद्या : लेखी रोलप्लेची रीतभात

लेखी रोलप्ले म्हणजे दोन किंवा अधिक माणसांनी इंटरनेटवर, एकमेकांना न पाहता आणि पुष्कळदा एकमेकांचे खरे नावही न विचारता, आपापले एकेक काल्पनिक पात्र घेऊन पाळीपाळीने मजकूर लिहीत एकच गोष्ट पुढे नेणे. नाटकाप्रमाणे यात भूमिका असतात, पण संहिता आधी लिहिलेली नसते. कादंबरीप्रमाणे वर्णन असते, पण लेखक एक नसतो. खेळाप्रमाणे नियम असतात, पण शेवटी कोणी जिंकत नाही की हरत नाही. मराठीत या प्रकाराला अजून स्वतःचे नाव मिळालेले नाही. 'भूमिकालेखन' असा शब्द घडवता येईल, परंतु खेळणारे लोक 'रोलप्ले' किंवा नुसते 'आरपी' म्हणतात, आणि रुळलेला शब्द बाजूला सारून कोशातला शब्द पुढे करण्यात फारसा अर्थ नसल्याने येथेही तोच वापरला आहे.

या प्रकाराची वंशावळ दोन टप्प्यांत सांगता येते. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाने टेबलाभोवती बसलेल्या मंडळींना पात्रे वाटून घेऊन तोंडी गोष्ट रचायला शिकवले. १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ याने सुरू केलेल्या आणि रिचर्ड बार्टल याने पुढे वाढवलेल्या 'मड' या संगणकीय खेळाने तीच गोष्ट पडद्यावरच्या अक्षरांत आणली, कारण त्यात चित्र नव्हतेच, जे काही होते ते वाक्यांत होते. पुढे गप्पांचे मंच बदलत गेले आणि आज हा खेळ बहुतांशी डिस्कॉर्ड, टेलिग्राम यांसारख्या ठिकाणी चालतो. संहितेवाचून संवाद रचण्याची कला मात्र मराठी माणसाला परकी नाही. सिंधुदुर्गातील दशावतारी नट पौराणिक आख्यान आणि भूमिका ठरल्या की लिखित संवादांशिवाय रात्रभर उत्स्फूर्त बोलतात, आणि समोरच्या नटाचा शब्द वाया जाऊ न देणे हे त्यांच्यात अंगभूत कौशल्य समजले जाते.

या विषयाची माहिती मराठीतून देण्याचे एक विशेष कारण माळव्यात सापडते. पवार, होळकर आणि शिंदे यांच्या मागून तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांच्या पुढच्या पिढ्या घरात मराठी बोलतात आणि शाळेत हिंदी लिहितात. धार आणि देवास या जिल्ह्यांच्या ठिकाणी मराठीचा थोडाफार सार्वजनिक वावर तरी आहे, पण देवास जिल्ह्याच्या दक्षिण भागातील लोहारद्यासारख्या लहान गावातल्या मराठी घराला आपली भाषा लिहिण्याचे निमित्त सहसा मिळत नाही. लेखी रोलप्लेला रंगमंच लागत नाही, मंडळी लागत नाहीत, फोन आणि देवनागरी कळफलक पुरतो, आणि समोरचा सहलेखक पुण्यात असला काय किंवा टोरांटोत असला काय, गोष्टीला फरक पडत नाही. अडचण एवढीच की या खेळाची परिभाषा आणि शिष्टाचार दोन्ही इंग्रजीत घडलेले आहेत, आणि नवखा माणूस ते माहीत नसल्यामुळे पहिल्याच दिवशी दुसऱ्याच्या पायावर पाय देतो.

शिष्टाचाराचे मूळ सूत्र समजण्यासाठी देवासच्या इतिहासाइतके सोयीचे उदाहरण शोधून सापडणार नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तुकोजी आणि जिवाजी पवार या दोघा भावांना देवासचा मुलूख मिळाला आणि त्यातून थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने निर्माण झाली, परंतु गाव एकच राहिले. एका गावात दोन राजे, दोन दरबार, आणि मुख्य रस्त्याच्या दोन बाजू दोन निरनिराळ्या कारभारांखाली, इतक्या की पाण्याची आणि दिवाबत्तीची व्यवस्थाही वेगवेगळी. १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी चिटणीस म्हणून राहिलेले इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात या संस्थानाचे चित्र रेखाटले आहे. १९४८ साली दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या. रोलप्लेमधला प्रसंग हा असाच रस्ता असतो. रस्ता दोघांचा, त्यावरून दोघांनीही जायचे, पण समोरच्या बाजूचा दिवा लावायचा की विझवायचा हे समोरच्यानेच ठरवायचे. आपल्या पात्राचे बोलणे, हालचाल, मनातले विचार, जखम आणि मरण यांवर ज्याची त्याची मालकी असते, आणि पुढे येणाऱ्या जवळजवळ सर्व संज्ञा या मालकीच्या हद्दी दाखवणाऱ्या खुणा आहेत.

प्रत्यक्ष मजकुराशिवाय हे स्पष्ट होणार नाही, म्हणून एक काल्पनिक प्रसंग घ्यावा. काळ अठराव्या शतकाचा, स्थळ लोहारदा. गावाच्या नावात लोहार ऐकू येतो म्हणून लोहाराची पडवी निवडली आहे, त्यावरून नावाची व्युत्पत्ती काढण्याचा येथे हेतू नाही. एका खेळाडूचे पात्र तुळशीराम नावाचा नालबंद, म्हणजे घोड्यांना नाल ठोकणारा कारागीर. दुसऱ्याचे पात्र धारहून नर्मदेकडे निघालेला जासूद, म्हणजे सरकारी पत्रे पोचवणारा निरोप्या. पहिला खेळाडू लिहितो: 'तुळशीरामने भात्याची दांडी सोडली तेव्हा टापा अगदी पडवीपाशी येऊन थांबल्या होत्या. स्वार आत वाकून पाहण्याआधीच त्याने पायाशी पडलेली चामड्याची थैली टाचेने कोळशाच्या ढिगाआड सारली. घोडा पुढचा उजवा पाय उचलून धरत होता. घाम पुसत तुळशीरामने विचारले, "नाल निखळला की खडा रुतला, सरकार?"' गोष्ट उघडणाऱ्या अशा पहिल्या मजकुराला 'स्टार्टर' म्हणतात. यातून जागा कळते, वेळ कळते, लेखकाने आपल्याच पात्राला हलवले आहे, आणि मुख्य म्हणजे समोरच्याला पकडायला दोन धागे सोडले आहेत, एक लंगडणारा घोडा आणि दुसरा थेट प्रश्न. 'तुळशीराम भात्यापाशी बसला होता' एवढाच स्टार्टर असता, तर जासुदाच्या लेखकाने करायचे काय, हा प्रश्नच उरला असता. नवख्यांचे बरेच खेळ दुसऱ्या पाळीलाच बंद पडतात त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

आता नवखा सहलेखक काय लिहितो ते पाहावे: 'जासुदाने तलवार उपसून लोहाराच्या मानेवर टेकवून कोळशातली थैली मागितली. लोहार थरथर कापू लागला आणि त्याने कोळशातून थैली काढून दिली.' दोन वाक्यांत तीन अपराध घडले आहेत. तलवार मानेवर टेकली हा परिणाम परस्पर जाहीर करून तुळशीरामला मागे सरकायची, हातोडा आडवा धरायची किंवा हसून बाजूला व्हायची संधी ठेवलेली नाही. याला 'ऑटो-हिट' म्हणतात. तुळशीराम कापू लागला आणि त्याने थैली दिली हे ठरवण्याचा अधिकार जासुदाच्या लेखकाला नव्हता. दुसऱ्याचे पात्र असे परस्पर चालवण्याला 'पॉवरप्लेइंग' किंवा सैलपणे 'गॉडमॉडिंग' हे नाव आहे, जरी काटेकोर खेळाडू 'गॉडमॉडिंग' हा शब्द कधीही न हरणाऱ्या, वार न लागणाऱ्या, सर्वशक्तिमान पात्रासाठी राखून ठेवतात. तिसरा अपराध कोळशाचा, त्याकडे थोड्या वेळाने वळू.

हीच पाळी जाणता खेळाडू वेगळी लिहितो: 'जासूद खाली उतरला नाही. लगाम आखडत त्याने तलवारीच्या मुठीवर हात ठेवला. "खडा असेल तर काढ. आणि कालचा स्वारही याच पडवीत थांबला होता म्हणे. तो काय टाकून गेला, तेही सांग." बोलता बोलता त्याची नजर ऐरणीवरून, पाण्याच्या डोणीवरून फिरत होती.' दरारा तोच आहे, कदाचित अधिक आहे, पण तुळशीराम अजून मोकळा आहे. तो खोटे बोलू शकतो, घाबरू शकतो, घोड्याच्या पायाशी वाकून वेळ काढू शकतो. येथे वार करायचाच असता तर 'जासुदाने मानेच्या रोखाने तलवार फिरवली' असे लिहून थांबता आले असते. वार लागला की हुकला हे ज्याची मान आहे त्याने सांगायचे.

दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुरात हात घालण्याला मराठीत शब्दप्रयोग तयारच आहे आणि योगायोगाने त्याचा धागा धारशी जुळतो. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्यासंबंधी 'धरावे' या शब्दाचे नारायणरावांच्या काकू आनंदीबाईंनी 'मारावे' केले अशी कथा रूढ आहे; ती दंतकथा मानली जाते, पण तिच्यातून 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार भाषेत कायमचा बसला. त्याच आनंदीबाई पुढे धारच्या किल्ल्यात आश्रयाला होत्या आणि १७७५ च्या जानेवारीत त्यांच्या पोटी दुसऱ्या बाजीरावाचा जन्म तेथेच झाला. सहलेखकाने 'हात पुढे केला' असे लिहिले असताना पुढच्या पाळीत 'त्याने मारलेली थप्पड' असा उल्लेख करणे हा ध चा मा झाला, आणि तो रोलप्लेमध्ये हेतुपूर्वक कमी, घाईने वाचल्यामुळे अधिक घडतो. समोरचा मजकूर दोनदा वाचून मग लिहावे, हा नियम कोणत्याही संज्ञेशिवाय पाळण्यासारखा आहे.

कोळशाच्या ढिगाचा अपराध 'मेटागेमिंग' या नावाने ओळखला जातो. थैली कोठे आहे हे जासुदाच्या लेखकाला ठाऊक आहे, कारण त्याने स्टार्टर वाचला आहे. जासुदाला ते ठाऊक नाही, कारण थैली त्याच्या दृष्टीआड सारली गेली. लेखकाची माहिती पात्राच्या डोक्यात घालणे म्हणजे मेटागेमिंग. नाटक पाहणाऱ्या मराठी वाचकाला हे चटकन कळावे, कारण रंगभूमीने हा करार फार पूर्वी केला आहे. 'स्वगत' शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला ऐकू जाते, पण शेजारी उभ्या असलेल्या नटाने ते ऐकायचे नसते. संस्कृत नाटकांतील 'जनांतिक' तर अर्ध्या रंगमंचाने ऐकायचे आणि अर्ध्याने ऐकायचे नाही. रोलप्लेमध्ये पात्राच्या मनातला प्रत्येक विचार हे स्वगत असते. 'तुळशीरामला या स्वाराचा संताप आला, पण त्याने चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही' असे वाचून जासूद 'रागावलास का?' म्हणून विचारू लागला, तर त्याने न ऐकायचे ते ऐकले. या चुका जाणते खेळाडूही करतात, म्हणून मनातले फार न लिहिता हातापायांच्या हालचालींतून दाखवणे अधिक शहाणपणाचे ठरते, आणि त्यामुळे लेखनही सुधारते.

पात्र बोलत आहे की त्यामागचा माणूस, हा भेद या खेळात सतत सांभाळावा लागतो. पात्र म्हणून लिहिलेल्या मजकुराला 'इन कॅरेक्टर', संक्षेपाने 'आयसी', म्हणतात. 'लाइट गेली, उद्या लिहितो' यासारखा खेळाडूचा स्वतःचा मजकूर 'आउट ऑफ कॅरेक्टर', म्हणजे 'ओओसी', आणि तो दुहेरी कंसात लिहिण्याची पद्धत आहे. येथे मराठी वाचकाची हमखास फसगत होते. छापील मराठी नाटकात कंसातला मजकूर म्हणजे रंगसूचना, 'आत जातो', 'थांबून खिडकीकडे पाहतो' वगैरे, म्हणजेच पात्राची कृती; रोलप्लेमध्ये मात्र कंस हा पात्राबाहेरचा प्रदेश आहे आणि कृती एक तर साध्या वाक्यात किंवा दोन तारांकनांच्या मध्ये लिहिली जाते. नाटकाच्या सवयीने कंसात 'रागाने उठतो' असे लिहिले की समोरच्याला खेळाडूच उठून गेला असे वाटते. संज्ञांच्या संक्षेपातही एक खड्डा आहे: 'ओओसी' आणि 'ओसी' यांत एकाच अक्षराचा फरक असला तरी 'ओसी' म्हणजे 'ओरिजिनल कॅरेक्टर', स्वतः निर्माण केलेले पात्र, जसा वरचा तुळशीराम.

मराठीचे व्याकरण या खेळात इंग्रजीपेक्षा वेगळे पेच टाकते, आणि इंग्रजीतल्या नियमावल्यांत त्यांचा उल्लेख सापडणे शक्यच नाही. इंग्रजीत प्रथमपुरुषी भूतकाळी वाक्य लिहिणाऱ्याचे लिंग लपते. मराठीत 'मी आलो' आणि 'मी आले' यांतून ते पहिल्याच क्रियापदाला उघड होते. पुरुषाने स्त्रीपात्र किंवा स्त्रीने पुरुषपात्र घेण्यास या खेळात पूर्ण मोकळीक असते, आणि ज्या भाषेत पेशवाईतल्या शाहिरांनी स्त्रीच्या तोंडी लावण्या घातल्या आणि आयुष्याचा काही काळ देवासात घालवलेल्या भा. रा. तांबे यांनी दुसऱ्याच्या भूमिकेत शिरून बोलणारे नाट्यगीत रुजवले, त्या भाषेत याचे नवल वाटण्याचे कारण नाही. अडचण होते ती पात्र 'मी' म्हणून लिहिताना आणि कंसातही 'मी' म्हणताना. एका ओळीत 'मी पडवीत आले' आणि पुढच्या कंसात 'मी जेवून आलो' असे वाचले की समोरचा गोंधळतो. यावरचा उपाय म्हणजे पात्र तृतीयपुरुषी ठेवावे, 'ती पडवीत आली' असे लिहावे, आणि 'मी' हा शब्द कंसापुरता राखावा.

आदरार्थाचेही तसेच. जासूद नालबंदाला अरे-तुरे करील, ते पात्रांच्या काळाला आणि पायरीला धरूनच आहे. पण दुहेरी कंसात दोन अनोळखी माणसे बोलत असतात आणि तेथे 'तुम्ही' हेच योग्य. जासुदाची गुर्मी कंसात झिरपू लागली, किंवा तुळशीरामचा अपमान त्याच्या लेखकाला मनापासून झोंबू लागला, तर त्या गळतीला 'ब्लीड' म्हणतात, आणि ती जाणवली की खेळ थांबवून एक वाक्य कंसात बोलून घेणे केव्हाही चांगले.

लांबीसंबंधीच्या संज्ञा थोडक्यात सांगता येतात: एका ओळीचे उत्तर म्हणजे 'वन-लायनर', परिच्छेदाचे 'पॅरा', अनेक परिच्छेदांचे 'मल्टी-पॅरा'. कोणतीही लांबी वाईट नाही. समोरच्याने बारा ओळी लिहिल्यावर 'हो, म्हणाला' एवढ्यावर भागवणे वाईट. प्रमुख पात्रांखेरीज गर्दीत येणारी माणसे, जशी पडवीत पाणी आणणारी पोर, 'एनपीसी' म्हणवतात आणि ती दोघांनाही चालवता येतात. मोठ्या गटात पंचाचे काम करणारा 'जीएम', म्हणजे गेम मास्टर, असतो आणि त्याचा शब्द अखेरचा समजावा.

आधीच अस्तित्वात असलेल्या कथेवर किंवा इतिहासावर खेळ बेतला असेल तर मूळ तपशिलांना 'कॅनन' म्हणतात, आणि ते जाणूनबुजून बदलले तर 'एयू', म्हणजे 'अल्टरनेट युनिव्हर्स', पर्यायी जग. दुसरा बाजीराव धारला जन्मला हे कॅनन. तो किल्ल्यातून कोणी पळवून नेला असे मानून गोष्ट रचली तर ते एयू, आणि तसे आरंभीच सांगायला हवे. ऐतिहासिक खेळात नामवंतांच्या भूमिका घेण्याचा मोह मराठी माणसाला फार होतो, पण पेशवा किंवा छत्रपती घेतला की सहलेखक आदराने आखडतात आणि पात्राच्या चुका लिहायला कोणी धजत नाही. नालबंद, जासूद, कारकून, नावाडी या पात्रांत गोष्टीला खरी मोकळी जागा मिळते. सर्वगुणसंपन्न, सर्वांना प्रिय आणि कधीच न चुकणाऱ्या पात्राची 'मेरी सू' म्हणून थट्टा होते. हे नाव पॉला स्मिथ हिने १९७३ साली 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांच्या हौशी कथांवर लिहिलेल्या एका विडंबनातून आले आहे.

संमतीचा भाग याहून गंभीर आहे. १९९० साली पॅव्हेल कर्टिस याने झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात सुरू केलेल्या 'लॅम्डामू' या मजकुरी जगात एका खेळाडूने एका छोट्या प्रोग्रामच्या साहाय्याने इतरांची पात्रे स्वतःच लज्जास्पद कृत्ये करीत आहेत अशी वाक्ये पडद्यावर उमटवली. ज्युलियन डिबेल याने १९९३ साली 'व्हिलेज व्हॉइस' या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकात त्यावर लिहिलेला लेख आजही या विषयात आधारभूत मानला जातो. पात्रे काल्पनिक होती, पण ती ज्यांची होती त्यांना झालेला मनस्ताप काल्पनिक नव्हता. म्हणूनच हिंसा, आत्महत्या, जातीय अपमान यांसारखे विषय गोष्टीत येणार असतील तर सहलेखकाला आधी कंसात विचारावे. कोणाला कोणता विषय नको, म्हणजे त्याचे 'ट्रिगर' कोणते, ते कारण न विचारता मान्य करावे. आणि प्रौढांमधील खेळातही प्रणयाचा प्रसंग 'फेड टू ब्लॅक' करून, म्हणजे पडदा पाडून, पुढच्या सकाळी उघडावा. अठरा वर्षांखालील व्यक्तीबरोबर असा प्रसंग लिहायचाच नाही, आणि समोरच्याचे वय माहीत नसेल तर ते अठराच्या आत आहे असे धरून चालावे. खरे नाव, शाळा, गाव, फोन क्रमांक, छायाचित्र यांतले काहीही पात्राच्या ओळखीत घालू नये; लोहारद्याएवढ्या गावात आडनाव आणि शाळा एवढ्यावर माणूस सापडतो. कोणी त्रास देऊ लागला तर संभाषणाची चित्रे जपून ठेवून सायबर गुन्ह्यांच्या १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर, आणि मुलांच्या बाबतीत १०९८ वर, कळवता येते.

राहिला प्रश्न खेळ सोडण्याचा. काही न सांगता उत्तर देणे बंद करणे याला 'घोस्टिंग' म्हणतात आणि या खेळातली सर्वांत जास्त आढळणारी असभ्यता तीच आहे. परीक्षा येते, बदली होते, गोष्टीचा कंटाळा येतो, आणि यांतले कोणतेही कारण लाजिरवाणे नाही. दशावताराला कोकणात 'दहीकाला' असेही म्हणतात, कारण रात्रभराचा खेळ पहाटे दहीहंडी फोडून काला झाल्यावर संपतो, आख्यान कितीही लांबले तरी. लेखी रोलप्लेत हंडी नसते, म्हणून तिच्या जागी दुहेरी कंसात दोन ओळी लिहाव्यात: '((माझ्याकडून गोष्ट इथेच थांबवतो आहे. जासुदाला नर्मदेपर्यंत पोचवायचे की परत फिरवायचे ते तुम्ही ठरवा.))'